कुरडया-लोणच्याचा घरगुती धंदा: मशीन घ्यायच्या आधी स्वतःची मजुरी वहीत लिही

ताई, तुझा प्रश्न दोनदा वाचला. वर्धा जिल्ह्यात आर्वीकडचं गाव, चार एकर कोरडवाहू, दोन लहान लेकरं, हाताला चव आहे, कुरडया, सरगुंडे (गव्हाच्या पिठाचे, काडीवर वळून वाळवायचे) अन् कैरीचं लोणचं नातेवाईक मागून मागून नेतात, अन् आता मिस्टर म्हणून राहिले की दोन लाखाचं कर्ज काढून शेवया-पापडाची मशीन घेऊ, धंदाच टाकू. तं मशीन घ्यावी का, भाव काय ठेवावा, लायसन्स काय लागते अन् सासूबाईंना पटत नाही त्याचं काय करावं, एवढं तू विचारलं. मी हिंगणघाटकडची, २०११ पासून हेच करते, सुरुवात अगदी तुझ्यासारखीच झाली होती म्हणून जरा लांब लिहिते. वयानं मोठी आहे म्हणून एकेरी लिहून राहिली, राग मानू नको.

मशीन आत्ता घेऊ नको. कारण सरळ आहे, लोक तुझ्याकडून जे मागतात ते हाताचं आहे, कुरडई सोऱ्यानं पडते, सरगुंडा काडीवर वळला जाते, लोणच्याला अडकित्ता लागते, अन् मशीन शेवया-पापडाची घेऊन राहिले! म्हणजे ज्या गोष्टीत तुझं नाव आहे ती सोडून ज्यात तालुक्याच्या बाजारात आधीच दहा जण बसले आहेत त्यात तू कर्ज काढून उतरशील. हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होते अन् वाळवणाचा पैसा मात्र चार-पाच महिन्यांनी हातात येते. हे गणित मी दोन बायांचं बिघडलेलं पाहिलं, दोघींच्याही मशीन आज घरात झाकून ठेवल्या आहेत.

आधी एकच काम कर, या हंगामात अनोळखी लोकांना विकून बघ. मावशी, नणंद, मिस्टरांचे मित्र यांचं कौतुक खरं असते पण त्यावर भाव ठरत नाही, कारण ते पैसे देतात तेव्हाही नात्यानं देतात अन् अर्धे तं देतही नाहीत, "तुझ्या हातचं" म्हणून डबा भरून नेतात. ज्या बाईनं तुला कधी पाहिलं नाही तिनं अर्धा किलो नेलं अन् पंधरा दिवसांनी परत फोन केला की अजून पाठवा, तिथून मी धंदा मोजते. मला पहिल्या वर्षी अशा अनोळखी बाया फक्त सहा मिळाल्या होत्या, नागपूरच्या चार अन् पुण्याच्या दोन. सहाही जणी दुसऱ्या वर्षी परत आल्या, तेव्हा घरच्यांना सांगितलं की आता मी हे मनावर घेऊन करणार.

अन् गिऱ्हाईक कोण हे नीट समजून घे. आपल्या गावात प्रत्येक घरच्या गच्चीवर वाळवण असते, गावात कोणी तुझी कुरडई चांगल्या भावानं घेणार नाही. घेते कोण, तं ज्याच्याकडं गच्ची नाही, ऊन नाही, वेळ नाही अन् लहानपणी खाल्लेलं आठवते ते. नागपूर, पुणे, हैदराबादकडं गेलेली आपलीच माणसं. सरगुंडे तं विदर्भाबाहेरच्या माणसाला दाखवले तं हे काय आहे म्हणून विचारते, पण इकडचा माणूस पुण्यात असो की कुठं, आमरसाचे दिवस आले की त्याला सरगुंडे पायजेच. म्हणून सरगुंडे अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी लोकांच्या घरी पोचले पायजेत, नंतर पोचले तं निम्मी मागणी गेली. कुरडईचं उलटं आहे, ती उन्हाळ्यात करायची पण खरी मागणी भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांच्या (गौरींच्या) जेवणाला, ताटात कुरडई-पापड लागतेच, पुढं पितृपक्ष, मंग दिवाळी. मी उन्हाळ्यात फक्त निम्मा माल विकायला काढते, बाकी पावसाळाभर जाड पिशवीत बांधून, वरून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते अन् भाद्रपदात विकते, किलोमागं पन्नास-साठ रुपये जास्त मिळतात. फक्त ज्या दिवशी डबा उघडशील तो दिवस कोरडा पाह्यजो, पावसाळी हवेत उघडला की कुरडई मऊ पडते अन् मंग तळली तं फुलत नाही.

आता भाव. याच्यात सगळ्यात जास्त चुका होतात अन् मी पण केल्या, म्हणून आकडे लिहिते, आजच्या भावानं धरते. १० किलो गहू घेतला, ३६ रुपये किलो, ३६० झाले. भिजवून वाटायला ८० रुपये, गॅस अन् सरपण मिळून ९०, मीठ, हिंग, खाली अंथरायचं प्लास्टिक २०. एकूण ५५०. माझ्या हातानं १० किलो गव्हाच्या चिकातून वाळून साडेचार किलोच्या आसपास कुरडई निघते. ५५० भागिले साडेचार म्हणजे १२२ रुपये किलो पडली. मी पहिल्या वर्षी हाच हिशोब केला होता, आकडे तेव्हाचे कमी होते पण रीत हीच, की १२२ ला पडते तं २२० ला विकू, किलोमागं जवळपास शंभर सुटतात, बरंच झालं.

आता जे वहीत नव्हतं ते धर. साडेचार किलोतली अर्धा किलो तुटते, चुरा होते, पाकिटात भरता येत नाही, म्हणजे विकायला चारच किलो राहिली. अर्ध्या किलोचं पाकीट धरलं तं आठ पाकिटं, पिशवी अन् लेबल मिळून १० रुपये, ८० झाले. अन् त्या दिवशी मी अन् माझी जाऊ, दोघी पहाटे चारपासून दुपारपर्यंत, शिवाय आधीचे दोन-तीन दिवस गव्हाचं पाणी बदलणं, चीक गाळणं, नंतर दोन दिवस उन्हात उलटसुलट करणं, हे सगळं मिळून दोघींचा एकेक रोज धरला, ३०० प्रमाणं ६००. आता बेरीज १२३० झाली. भागिले चार, म्हणजे ३०७ रुपये ५० पैसे किलो पडली! २२० ला विकून चार किलोचे ८८० आले, त्यातून सामान अन् पाकिटं मिळून ६३० गेले, उरले २५०, दोघींत सव्वाशे सव्वाशे. त्यापेक्षा त्या दिवशी दुसऱ्याच्या वावरात निंदायला गेलो असतो तं जास्त मिळाले असते. तीन उन्हाळे मी असंच केलं अन् तिन्ही उन्हाळे घरचे म्हणत होते की छान चालून राहिलं, कारण गल्ल्यात नोटा दिसत होत्या ना.

तं स्वतःची मजुरी वहीत लिहायची. घरच्या बाईच्या कामाला मोल नाही असं धरूनच आपले बहुतेक घरगुती धंदे चालतात अन् म्हणूनच ते वाढत नाहीत, कारण उद्या मागणी वाढली अन् बाई लावावी लागली की तिचा रोज कुठून देणार, भावात तो धरलाच नव्हता. सरगुंड्याचं तं अजून कडक आहे, मी दिवसभर बसले तं वाळून एक-सव्वा किलोच्या वर होत नाही, म्हणजे नुसती मजुरीच किलोमागं अडीचशे-तीनशे. पाचशेच्या खाली सरगुंडे विकायचेच नाहीत हे मी ठरवून टाकलं, ज्याला महाग वाटते त्याला एकदा कसे वळतात ते सांगते, बरेच जण मानतात, जे मानत नाहीत त्यांच्याशी वाद घालत नाही.

आणखी एक. आज नाही पण दोन वर्षांनी तू दुकानात माल ठेवशील, दुकानदार माझ्याकडं तं वीस टक्के घेते, कुठं पंचवीसही मागतात. ४०० ची कुरडई असली तं त्याचे ८० गेले, तुला ३२० राहिले, पडली ३०७ ला, सुटले बारा-तेरा रुपये. घरून २५० ला विकायची सवय लावली अन् मंग दुकानात ४०० लिहिलं तं जुनं गिऱ्हाईक चिडते, तुला पण अन् दुकानदाराला पण बोलते. म्हणून पहिल्या दिवसापासूनच दुकानाचं कमिशन पोटात घेऊन एमआरपी ठरव अन् घरून घेणाऱ्याला पाहिजे तं डिलिव्हरी फुकट दे, पण भाव पाडू नको.

हाताच्या कामातल्या काही गोष्टी, ज्या घरच्यापुरतं करताना कळत नाहीत पण माल वाढला की अंगावर येतात. गहू तीन दिवस भिजवायचा हे आपण आईकडून शिकलो, पण ते फेब्रुवारी-मार्चचं आहे. एप्रिलच्या शेवटी आपल्याकडं पारा ४४ च्या वर जाते, तेव्हा दोन दिवसांतच गहू फुटून येते, तिसऱ्या दिवशी आंबट वास मारते अन् कुरडई तळली की लालसर होते. मी एकदा २० किलो गव्हाची अशीच घालवली, कोणाला विकली नाही, गाईंना टाकली. पाणी रोज दोनदा बदल अन् दाणा बोटानं दाबून पांढरा चीक निघते का ते बघून ठरव, दिवस मोजून नको. चीक शिजवायला पहाटे चारलाच उठावं लागते, सातच्या आत सगळी कुरडई गच्चीवर पडली पायजे, नंतर ऊन एवढं चढते की पाय टेकवत नाही.

अन् आभाळ. २०१४ ची गारपीट आठवते ना, फेब्रुवारी-मार्चमधली. ४० किलो गव्हाची कुरडई माझी गच्चीवर होती, दुपारून आभाळ भरलं, आम्ही तिघी धावलो तरी निम्मी गेली, ताडपत्रीच एक होती. तेव्हापासून एका दिवशी १५ किलोच्या वर गहू शिजवत नाही, कितीही मागणी असो. मोबाईलवर हवामान बघूनच गहू भिजवते, अन् साधी लोखंडी पाइपांची, वरून पारदर्शक प्लास्टिकची शेड केली, धूळ पण बसत नाही. लोक विचारतात की मशीन नाही तं पैसा कशावर टाकू, मी म्हणते अशा शेडवर टाक, चांगल्या डब्यांवर टाक, अन् शिक्का मारलेल्या वजनकाट्यावर टाक.

लोणच्याचं थोडक्यात सांगते, त्यात जोखीम जास्त आहे म्हणून पहिल्या वर्षी २० किलोच्या वर घालू नको. फोडी पुसून सावलीत पूर्ण सुकवायच्या, ओल राहिली की पावसाळ्यात बुरशी येतेच, तेल गरम करून गार झालेलं, अन् फोडींच्या वर बोटभर तेल दिसलं पायजे. आपल्या घरी जुन्या बाया जवसाचं तेल वापरत, चवीला मला पण तेच आवडते, पण विकायच्या मालात घालू नको, जवसाचं तेल लवकर खवट होते अन् गिऱ्हाईकाला वाटते लोणचं जुनं दिलं. काचेची बरणी एसटीनं पाठवली तं फुटते, जाड प्लास्टिकची, आतल्या सीलवाली घे. प्रत्येक घाण्यातली एक बरणी तारीख टाकून स्वतःकडं ठेव अन् दर महिन्याला उघडून बघ, तुझं लोणचं खरंच किती महिने टिकते हे त्याच्याशिवाय कळणार नाही, अन् लेबलवर दुसऱ्याचं बघून "१२ महिने" छापू नको.

कागदपत्रांची भीती बाळगू नको. खायची वस्तू विकायची तं एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागतेच, घरून विकलं तरी लागते. मी काढली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला साधं रजिस्ट्रेशन होतं, फी वर्षाला १०० रुपये, फॉसकॉस नावाच्या सरकारी साइटवर घरूनच भरलं, फोटो, ओळखपत्र अन् पत्त्याचा पुरावा एवढंच. एजंट हजार-दीड हजार मागतात, देऊ नको, पोराटोरांकडून भरून घे, अन् भरायच्या आधी साइटवर चालू नियम वाचून घे. १४ आकडी नंबर मिळते, तो पाकिटावर छापायचा. उद्यमची, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी पूर्ण फुकट आहे, आधारवर होते, बँकेत अन् योजनेत तीच विचारतात. जीएसटी वस्तू विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही पण हे राज्यातल्या राज्यात विकलं तं, तू हैदराबादला किंवा भोपाळला नेमानं माल पाठवणार असशील तं आधी एखाद्या सीएला विचार, तिथं नियम वेगळा आहे. लेबलवर मालाचं नाव, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, बनवल्याची तारीख, बॅच नंबर, किती दिवस चांगलं राहील ते, तुझं नाव-पत्ता-फोन अन् शाकाहारीचा हिरवा ठिपका. घटक ज्याचं वजन जास्त ते आधी या क्रमानं लिहायचे. कुरडई-सरगुंड्यावर "यात गहू आहे" हे वेगळं लिही, काही लोकांना गहू चालत नाही, त्यांच्या जिवाचा प्रश्न असते.

कर्ज अन् योजना. बचत गटात आहेस का ते तू लिहिलं नाही, नसशील तं आधी जा. उमेदच्या (बचत गटांचं सरकारी अभियान) गटातून थोडी थोडी रक्कम कमी व्याजानं मिळते अन् प्रदर्शनात स्टॉल मिळते, मुंबईच्या महालक्ष्मी सरस नावाच्या प्रदर्शनाला आपल्या जिल्ह्यातल्या बाया जाऊन आल्या आहेत, त्यांच्याशी बोल, तिथं एका आठवड्यात जेवढं शिकायला मिळते तेवढं घरी बसून वर्षात मिळत नाही. पीएमएफएमई म्हणजे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रियेची जी योजना आली, त्यात मशीनरीला ३५ टक्के सबसिडी, जास्तीत जास्त १० लाख, होती हे खरं आहे, पण माझ्या मैत्रिणीनं घेतली तेव्हाचं सांगते, सबसिडी हातात रोख येत नाही, कर्ज पूर्ण मंजूर होते, हप्ते पूर्ण भरायचे असतात अन् सबसिडी बँकेत वेगळी ठेवून नीट हप्ते भरणाऱ्याच्या खात्यात नंतर जमा होते. "पस्तीस टक्के तं माफच आहे" असं धरून कर्ज काढू नको. प्रशिक्षणाला आरसेटीत, म्हणजे बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, विचार, लोणचं-पापड-मसाल्याचा १० दिवसांचा कोर्स फुकट असते, राहणं-जेवण पण त्यांचंच. सेलसुऱ्याचं कृषी विज्ञान केंद्र तुझ्या जिल्ह्यातलंच आहे, तिथं पण जाऊन ये.

उधारीचं मी कडक झाले अन् फार उशिरा झाले. आपल्याकडं पैसा सोयाबीन-कापूस विकल्यावर येते, उन्हाळ्यात कोणाकडंच नसते, म्हणून गावातलं माणूस म्हणते दिवाळीला देतो, अन् दिवाळीला त्याचं बियाण्याचं, सावकाराचं आधीचं देणं असते, तुझे अडीचशे कोणाच्या लक्षात राहतात. मागायला गेलं तं संबंध बिघडतात. एका दुकानदारानं माझे साडेसहा हजार दोन वर्षं फिरवले अन् शेवटी अर्धेच दिले, बिल नव्हतं, नुसता शब्द होता. आता दुकानात पहिल्या वेळी दहाच पाकिटं ठेवते, ती विकून पैसे आले की पुढची वीस, अन् प्रत्येक वेळी साध्या डुप्लिकेट बुकावर सही घेते. अनोळखी गिऱ्हाईकाकडून पैसे आधी मोबाईलवर घेते, मंगच पार्सल निघते. पहिल्या पहिल्यांदा सांगायला जड जाते पण कोणी वाईट मानलं नाही.

सासूबाईंचं. माझ्या सासूनं पण पहिल्या वर्षी म्हटलं होतं, "आता का कुरडया इकून घर चालवतं का, लोकं का म्हन्तीन?" मी वाद घातला नाही, पण मला चूक हीच वाटते की तेव्हा मी त्यांच्याच हातची रीत वापरत होते अन् त्यांना मात्र त्यातलं काही देत नव्हते, उलट पहाटे उठवत होते. जेव्हा वहीत मजुरी लिहायला लागले तेव्हा जावेच्या नावापुढं लिहिले तसे त्यांच्या नावापुढं पण सरगुंड्याचे रोज लिहिले, अन् महिन्याच्या शेवटी मोजून त्यांच्या हातात दिले. त्या काही बोलल्या नाहीत, पैसे पदरात बांधले अन् दुसऱ्या दिवशी शेजारच्या म्हातारीला बोलावून आणलं की ही पण चांगले वळते, हिला पण लाव. आज माझ्याकडं सरगुंडे वळणाऱ्या पाच जणींत तिघी साठीच्या वरच्या आहेत, तरण्या पोरींपेक्षा त्यांचा सरगुंडा सारखा येते. तुझ्या सासूबाईंचं नाव वहीत पहिलं लिही.

तं आता १० किलो गहू घे अन् एकच घाणा कर. गहू किती रुपयांचा, गॅस किती, कोण किती तास बसलं, वाळून किती भरली, सगळं लिही, अन् चुरा वेगळा तोल, त्यात बहुतेक जणी फसतात. ते आकडे मला पाठव, तुझ्या आर्वीच्या बाजाराचे भाव धरून पाकिटावर काय छापायचं ते आपण दोघी मिळून काढू.